शोरूमची गाडी आणि ग्रिडवरची गाडी: अमेरिकन सुपरबाइक चॅम्पियनशिपची पन्नास वर्षं

तुझा प्रश्न असा होता की अमेरिकेतल्या सुपरबाइक चॅम्पियनशिपला सगळे प्रॉडक्शन रेसिंग म्हणतात, म्हणजे शोरूममधून निघालेल्या गाड्यांची रेस, पण व्हिडिओत बघितलं तर त्या गाडीला ना हेडलाइट ना आरसा, फोर्क वेगळे, सायलेन्सर वेगळा, मग हे प्रॉडक्शन कसलं, आणि हे सगळं सुरू कुठून झालं. प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर या चॅम्पियनशिपचा सगळा इतिहास म्हणजे याच एका प्रश्नावरचं भांडण आहे. कोणी किती टायटलं जिंकली ते कुठेही मिळेल. मी नियमांच्या बाजूने सांगतो, कारण माझे हात तिथेच काळे झालेत.

मी मूळचा कोल्हापूरचा, पोरवयात राजदूत ३५० ची इंजिनं उघडून शिकलो, नंतर कॅलिफोर्नियात आलो, नोकरी वेगळ्याच क्षेत्रात पण शनिवार-रविवार क्लब रेसिंगमध्ये टेक इन्स्पेक्शनच्या टेबलावर, आणि मधली सहा वर्षं एका छोट्या प्रायव्हेट टीमचा मेकॅनिक म्हणून नॅशनलच्या पॅडॉकमध्ये. टेक इन्स्पेक्शन म्हणजे आपल्याकडे ज्याला स्क्रूटिनी म्हणतात ते.

सुरुवात राजदूतपासूनच करतो, कारण ती इथे खरंच लागते. आपण जिला राजदूत म्हणून डोक्यावर घेतलं ती यामाहाची आरडी ३५०, ती आपल्याकडे आली १९८३ ला, पण अमेरिकेत ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच विकली जात होती आणि तिथल्या क्लब रेसिंगमध्ये प्रॉडक्शन क्लासात तिने धुमाकूळ घातला होता. गाडी विकत घ्यायची, दिवे काढायचे, रेसचा नंबर लावायचा, चालवत ट्रॅकवर न्यायची, रेस करायची आणि जमलं तर चालवतच घरी यायचं, असं ते साधं रेसिंग होतं. पैसेवाल्यांचा खेळ नव्हता तो, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोरांचा होता.

त्याच काळात वरच्या पातळीवर, म्हणजे अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनच्या, पुढे नुसतं एएमए म्हणतो, नॅशनल रोड रेसमध्ये, उलटं चाललं होतं. तिथे १९७४ पासून यामाहाची टू-स्ट्रोक टीझेड ७५० आली, ती आधीपासूनच रेससाठी बनवलेली गाडी, त्या वर्षी जियाकोमो अगोस्तिनीने तिच्यावर डेटोना २०० मारली, म्हणजे फ्लोरिडातल्या डेटोनाची मोठी रेस, आणि मग पुढची काही वर्षं ग्रिडवर, म्हणजे रेस सुटायच्या रांगेत, बघावं तिकडे टीझेड. गाडी जबरदस्तच होती, प्रश्नच नाही. पण बघणाऱ्याच्या घरी उभी असते कावासाकी झेड१, होंडा ७५०, बीएमडब्ल्यू, डुकाटी, आणि ट्रॅकवर दिसते अशी गाडी जी त्याला दुकानात मिळणारच नाही. त्याला आपली गाडी जिंकलेली बघायचीय. कॅलिफोर्नियातल्या क्लब रेसमध्ये मोठ्या फोर-स्ट्रोक रोड गाड्यांची रेस लागली की लोक कुंपणाला येऊन उभे राहायचे, आणि हे ज्यांनी ओळखलं त्यात स्टीव्ह मॅकलॉफ्लिन हा रायडर पुढे होता. तो स्वतः चालवायचाही आणि आयोजकांच्या मागे लागून क्लास उभाही करायचा. हे नाव लक्षात ठेव, पुढे परत येणार आहे.

१९७६ च्या मार्चमध्ये डेटोनाला एएमएची पहिली सुपरबाइक प्रॉडक्शन नॅशनल झाली. १००० सीसीपर्यंतच्या रस्त्यावरच्या गाड्या, हँडलबार रुंद आणि उंच तसाच ठेवायचा, सांगाडा मूळचा, लांबून बघितलं तरी कळायला हवं की ही अमुक कंपनीची तमुक गाडी. आतमध्ये मात्र बऱ्यापैकी मोकळीक. आणि पहिली रेस कोणी मारली तर बीएमडब्ल्यूने! जी गाडी तोवर लोक लांबच्या प्रवासाला घ्यायचे ती आर ९० एस, ८९८ सीसी, बॉक्सर इंजिन, सिलिंडर दोन्ही बाजूंना कानासारखे बाहेर आलेले, वळणात झुकवली की आधी सिलिंडरचं झाकण घासणार. अमेरिकेतली बीएमडब्ल्यूची आयातदार बटलर अँड स्मिथ, त्यांच्याकडे ट्यूनर, म्हणजे इंजिन रेससाठी तयार करणारा, उडो गीटल, आणि त्यांनी त्या गाडीवर जे काम केलं ते आजही शिकण्यासारखं आहे.

ती फिनिश कशी झाली ते सांगतो. डेटोनाचं बँकिंग ३१ अंशांचं, भिंतच असते म्हण ना, उतरत्या छपरावर उभं राहिल्यासारखं वाटतं. शेवटच्या लॅपला शिकेनमधून, म्हणजे वेग कमी करायला लावणाऱ्या नागमोडी वळणातून, पहिला बाहेर आलेला माणूस बऱ्याचदा हरतो, कारण मागचा त्याच्या हवेच्या पोकळीत राहून जोर साठवतो आणि रेषेच्या थोडं आधी बाजूने बाहेर पडतो. रेज प्रिडमोर आणि मॅकलॉफ्लिन, दोघंही बीएमडब्ल्यूवर, रेषेवर अक्षरशः चाकाला चाक, फोटो बघून निकाल द्यावा लागला, मॅकलॉफ्लिन पहिला. तिसरा आला कुक नीलसन, डुकाटी ७५० एसएसवर. हा नीलसन म्हणजे 'सायकल' मासिकाचा संपादक, आणि त्याची गाडी तयार करणारा फिल शिलिंग त्याच मासिकातला. दोन संपादक ऑफिस सुटल्यावर रात्री गाडी बनवतात आणि पुढच्या वर्षी, १९७७ ला, डेटोनाची सुपरबाइक रेस जिंकतात. हे आज शक्य नाही, पण तेव्हा शक्य होतं कारण गाडी दुकानातली होती. सीझनचं टायटल पहिल्या वर्षी प्रिडमोरला गेलं, मग ७७ आणि ७८ लाही त्यालाच, पण ती दोन्ही कावासाकीवर.

कावासाकी का, तर जपानी चार सिलिंडरच्या इंजिनात ताकद भरपूर आणि वाढवायलाही सोपी. सांगाड्याचं मात्र तसं नव्हतं. त्या काळातल्या रेसचे फोटो बघ, गाडी सरळ रस्त्यावरही वळवळतेय, रायडर रुंद हँडलबार दोन्ही हातांनी असा धरून बसलाय जसा नांगरावर माणूस जोर देतो. मग मेकॅनिक सांगाड्याला जागोजागी पट्ट्या वेल्ड करायचे, स्विंगआर्म जाड करायचे. १९७८ ला योशिमुरा या जपानी ट्यूनरने तयार केलेली सुझुकी जीएस १००० आली आणि पहिल्याच फटक्यात मॅकलॉफ्लिनने डेटोना मारली. मग वेस कूली १९७९ आणि ८० चा चॅम्पियन, सुझुकीवर. मग एडी लॉसन ८१ आणि ८२ ला, कावासाकीवर, त्याचा ट्यूनर रॉब मझी. समोर होंडावर फ्रेडी स्पेन्सर. पुढे स्पेन्सर आणि लॉसन दोघंही ५०० सीसीचे, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या क्लासचे, वर्ल्ड चॅम्पियन झाले, म्हणजे या घरगुती चॅम्पियनशिपची पातळी काय होती बघ. मला विचारशील तर गाडी बघून मन भरावं असा काळ तोच, त्यानंतर गाड्या खूप जोरात गेल्या पण तशा ओळखीच्या राहिल्या नाहीत.

आणि इथेच तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळतं. लॉसन जिंकला तेव्हा कावासाकीने दोन गाड्या काढल्या. एक केझेड १००० आर, हिरवी, लॉसनच्या गाडीसारखी दिसणारी, रस्त्यावर चालवायची, सामान्य माणसासाठी. दुसरी एस१, ती थेट रेससाठी, आणि ती बनवली फक्त तिसेक. दोन्ही कंपनीच्याच, पण एक लोकांना विकायला आणि दुसरी कारखान्यातून बाहेर पडतानाच रेसला तयार. म्हणजे १९८२ मध्येच 'प्रॉडक्शन' शब्दाला ओढायला सुरुवात झाली होती.

१९८३ ला नियम बदलला, चार सिलिंडरवाल्यांना ७५० सीसीची मर्यादा. तोवर १०२५ सीसीपर्यंत चालायचं आणि त्या गाड्या टायरच्या आणि सांगाड्याच्या मानाने फारच जोरात झाल्या होत्या. होंडा या बदलासाठी तयारच बसली होती, व्हीएफ ७५० एफ इंटरसेप्टर घेऊन, पाण्याने थंड होणारं व्ही-फोर इंजिन, रोड गाडी म्हणून विकायला काढलेली पण नीट बघितलं तर रेसचा विचार आधी केलेला दिसतो. आणि तिच्याविरुद्ध वेन रेनी जुन्या पद्धतीच्या, हवेने थंड होणाऱ्या कावासाकी जीपीझेड ७५० वर चॅम्पियन झाला! मझीचंच काम. सीझन संपला आणि कावासाकीने टीमच बंद केली. चॅम्पियन झालेला पोरगा बिनगाडीचा झाला. या धंद्यात हे असंच चालतं, ते तेव्हापासून.

त्याच वर्षी रेसिंगशी संबंध नसलेली एक गोष्ट घडली ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९८३ च्या एप्रिलमध्ये रेगन सरकारने हार्ले-डेव्हिडसनला वाचवण्यासाठी ७०० सीसीच्या वरच्या परदेशी मोटरसायकलींवर जादा कर लावला, ४.४ टक्क्यांवरून पहिल्या वर्षी थेट ४९.४ टक्के. जपान्यांनी काय केलं तर अमेरिकेसाठी इंजिनं जरा छोटी केली आणि ७०० च्या खाली आणून विकली. म्हणजे १९८४ ला अमेरिकन माणसाला दुकानात मिळतेय व्हीएफ ७०० एफ आणि ट्रॅकवर त्याच नावाची गाडी पळतेय ७५० ची. मग प्रॉडक्शन कोणतं धरायचं? दुकानात न मिळणारी गाडी प्रॉडक्शन रेस जिंकतेय, आणि नियमाने ते बरोबर होतं. मी हे पहिल्यांदा एका जुन्या मेकॅनिककडून ऐकलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता, मग दोन्ही इंजिनांचे पार्ट नंबर समोर ठेवून त्याने दाखवलं.

होंडाने मग राज्य केलं. फ्रेड मर्केल ८४, ८५, ८६ असा सलग तीनदा चॅम्पियन. १९८५ ला अजून एक मोठी गोष्ट झाली, डेटोना २०० हीच सुपरबाइकच्या नियमांखाली आली. ही रेस १९३७ पासून चालू, आधी समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत आणि मग १९६१ पासून स्पीडवेवर, अमेरिकेतली सगळ्यात मानाची रोड रेस. तिथे दहा वर्षांपूर्वी टीझेड सोडून काही दिसत नव्हतं आणि आता तिथे रस्त्यावरच्या गाडीपासून बनवलेली गाडी. ती पहिली सुपरबाइक २०० मारली स्पेन्सरने, आणि त्याच आठवड्यात २५० सीसी आणि फॉर्म्युला वन (मोटरसायकलींचाच क्लास, कारचा नव्हे) याही रेस मारल्या, तिन्ही. मग १९८७ ला रेनी होंडावर आणि केविन श्वान्त्झ सुझुकी जीएसएक्स-आर ७५० वर, ती जुगलबंदी मिळेल तिथे बघ, वेळ वाया जाणार नाही. टायटल रेनीचं, आणि ८८ ची डेटोना श्वान्त्झची.

आता मॅकलॉफ्लिन परत येतो. अमेरिकेत जे चाललं ते जगभर न्यावं म्हणून त्याने धडपड केली आणि १९८८ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या डोनिंग्टनला वर्ल्ड सुपरबाइकची पहिली रेस झाली. पहिल्या दोन्ही वर्षांचा चॅम्पियन तोच आपला फ्रेड मर्केल, होंडा आरसी ३० वर. म्हणजे आज जे वर्ल्ड सुपरबाइक म्हणून बघतोस त्याचं मूळ कॅलिफोर्नियातल्या शनिवार-रविवारच्या क्लब रेसमध्ये आहे, हे युरोपातल्या लोकांना फारसं सांगितलेलं आवडत नाही, पण आहे तसंच.

वर्ल्ड सुपरबाइक आलं आणि होमोलोगेशन हा शब्द मोठा झाला. होमोलोगेशन म्हणजे साध्या भाषेत असं, की गाडी रेसमध्ये आणायची असेल तर कंपनीने तिच्या अमुक इतक्या प्रती बनवून विकायला ठेवल्या पाहिजेत, तरच ती 'प्रॉडक्शन'. हेतू चांगला होता, पण कंपन्यांनी उलट विचार केला, आधी रेसची गाडी बनवायची आणि मग तिला नंबर प्लेट, आरसे, इंडिकेटर लावून नियमापुरत्या प्रती विकायच्या. आरसी ३०, यामाहाची ओडब्ल्यू ०१, डुकाटीची ८५१ आणि ८८८. सुंदर गाड्या आहेत, आरसी ३० चं एक इंजिन मी स्वतः जुळवलंय, त्यातले टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड हातात घेतले तेव्हा वजनच लागेना, पण कामगार माणसाने घ्यायची गाडी ती नव्हे.

याचं टोक म्हणजे हार्लेची व्हीआर १०००. हार्लेने १९९४ ला डेटोनाला ही खास रेसची गाडी आणली, व्ही-ट्विन, एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने नारिंगी. एएमएचा नियम होता की ५० गाड्या रस्त्यासाठी बनवून दाखवा. हार्लेने ५० बनवल्या, पण अमेरिकेच्या रस्त्यावर त्या कायदेशीर नव्हत्या, तर त्यांची नोंदणी केली पोलंडमध्ये! अमेरिकन कंपनी, अमेरिकन चॅम्पियनशिप, आणि प्रॉडक्शन असल्याचा कागद पोलंडचा. नियमाच्या शब्दात कुठेही चूक नाही. इतकं करून ती गाडी एकही सुपरबाइक रेस जिंकली नाही, २००१ नंतर बंद केली, आणि तिचा पहिला रायडर मिगेल दुहामेल होंडाकडे गेला आणि १९९५ ला लगेच चॅम्पियन झाला. मला त्या गाडीबद्दल वाईट वाटतं कारण ती बनवणारे लोक मनापासून काम करत होते, पण दुकानात जिचं मूळच नाही अशी गाडी प्रॉडक्शन क्लासात आणायची तर सगळं शून्यापासून उभं करावं लागतं, आणि तेवढ्या वेळात बाकीचे दोन पिढ्या पुढे गेलेले असतात.

नव्वदचं दशक पटकन सांगतो. डुकाटीला दोन सिलिंडर म्हणून जास्त सीसी चालायचे आणि त्याचा फायदा त्यांनी घेतला, डग पोलन ९३ आणि ट्रॉय कॉर्सर ९४. डग चँडलर कावासाकीवर ९० ला आणि परत ९६, ९७ ला. बेन बोस्ट्रॉम ९८ ला एकही रेस न जिंकता चॅम्पियन, नुसत्या सातत्यावर, आणि त्यात कमीपणा अजिबात नाही, पॉइंट्स हेही रेसिंगच आहे. डेटोनात स्कॉट रसेल, पाच वेळा २०० जिंकला, ९५ ला तर पहिल्याच लॅपला पडला, उठला, गाडी उचलली आणि सगळ्यांना गाठून जिंकला. पुढे होंडानेही चारचं सोडून दोन सिलिंडरची आरसी ५१ काढली आणि त्यावर निकी हेडन २००२ ला चॅम्पियन, वय वर्षं एकवीस, चार वर्षांनी तो मोटोजीपीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. २०१७ ला तो सायकल चालवताना अपघातात गेला तेव्हा आमच्या पॅडॉकमध्ये कितीतरी लोक ढसाढसा रडले, मीही त्यात होतो.

२००३ पासून १००० सीसीच्या चार सिलिंडरला मोकळीक मिळाली. हा माझ्या मते चांगला निर्णय होता, कारण एव्हाना दुकानात खरोखर विकल्या जाणाऱ्या मोठ्या गाड्या हजाराच्या झाल्या होत्या. ७५० स्पोर्टबाइक सुझुकी सोडून कोणी फारशी विकतच नव्हतं. शोरूम आणि ग्रिड जवळ आले. पण मग दुसरीच गोष्ट झाली. योशिमुरा सुझुकीची टीम इतकी पुढे गेली की २००३ ते २००९ सातही टायटलं सुझुकीची, मॅट म्लाडिन आणि बेन स्पीस या दोघांचीच. म्लाडिन ऑस्ट्रेलियन, एकूण सात टायटलं, ८२ विजय. माणूस तोंडाने फटकळ होता आणि कामात तितकाच चोख. गाडी दुकानातलीच होती हं, जीएसएक्स-आर १०००, पण दुकानातल्या गाडीपासून त्या गाडीपर्यंत जायला जो पैसा, जे इलेक्ट्रॉनिक्स, जे लोक लागत होते ते बाकीच्यांकडे नव्हते. म्हणजे अंतर आता सीसीत नव्हतं, ते पैशात आलं होतं.

इथे माझी एक गोष्ट सांगतो, त्याच काळातली. आम्ही ज्या क्लासात होतो तो स्टॉकच्या जवळचा, म्हणजे सायलेन्सर, सस्पेन्शनचे आतले भाग, ब्रेक पॅड वगैरे बदला पण इंजिनच्या हेडला हात लावायचा नाही. आमचं इंजिन सेकंडहँड घेतलेलं. रेस बरी झाली, पॉइंट्समध्ये आलो, आणि रेसनंतर तपासणीला आमचा नंबर निघाला. रात्रीचे नऊ वाजलेत, टेंटमध्ये एक दिवा लटकतोय, इंजिन अजून कोमट, मी स्वतः हेड उतरवलं आणि टेबलावर उलटं ठेवलं. तपासणारा गृहस्थ वयस्कर, त्याने काही मोजायच्या आधी इनटेक पोर्टमध्ये बोट घातलं, हळूच फिरवलं, आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला तू घाल बोट. कारखान्यातून आलेलं कास्टिंग आतून रवाळ लागतं, बारीक वाळू असल्यासारखं. आमचं गुळगुळीत होतं. आधीच्या कोणीतरी पोर्टिंग, म्हणजे हवा जास्त जावी म्हणून आतून घासकाम, करून ठेवलेलं आणि आम्ही इंजिन घेतलं तेव्हा उघडून बघितलंच नव्हतं. पॉइंट्स गेले, आमचा रायडर काही बोलला नाही, नुसता टेंटच्या बाहेर जाऊन उभा राहिला. चूक आमचीच, म्हणजे माझीच. तेव्हापासून मी टेबलाच्या कुठल्याही बाजूला असलो तरी आधी बोट घालतो.

हे मोठ्यांनाही चुकलं नाही. २००८ ला व्हर्जिनियात म्लाडिनच्या गाडीचा क्रँकशाफ्ट नियमात बसत नाही म्हणून त्याचे तिथले विजय काढून घेतले, आणि त्या वर्षीचं टायटल स्पीसचं झालं. त्यावर लोक अजून भांडतात. माझं मत एवढंच की क्रँकशाफ्ट बाहेरून दिसत नाही, म्हणून तर तपासणी असते.

त्याच २००८ मध्ये एएमएने रेसिंगचे हक्क डेटोना मोटरस्पोर्ट्स ग्रुपला विकले. त्यांना हे अंतर कमी करायचं होतं, आणि कारण खरं होतं, ग्रिडवर फॅक्टरी टीम, म्हणजे कंपन्यांच्या स्वतःच्या टीम, सोडून बाकीचे नुसते भरतीला. पण त्यांनी सगळं एकदम बदललं, क्लासची नावं, नियम, टायर एकाच कंपनीचे, आणि ज्या कंपन्यांनी तोवर पैसा लावला होता त्यांच्याशी भांडण घेतलं. त्यात मंदीही आली. होंडा आणि कावासाकीच्या फॅक्टरी टीम २००९ ला नव्हत्या. त्यांच्या ६०० च्या स्पोर्टबाइक क्लासात ब्यूएल या अमेरिकन कंपनीची ११२५ सीसीची गाडी चालवायला परवानगी होती, दोन सिलिंडर आहे म्हणून, आणि डॅनी एस्लिक त्यावर २००९ चा चॅम्पियन झाला. एस्लिकने चालवली उत्तमच, पण ६०० वाल्यांच्या पॅडॉकमध्ये जो राग होता तो मी जवळून बघितलाय. त्याच ऑक्टोबरमध्ये ब्यूएल कंपनीच बंद पडली. मग यामाहावर जॉश हेस, २०१० ते १२ सलग तीन आणि २०१४ ला चौथं, गुणी रायडर, पण त्याच्या चांगल्या वर्षांना बघायला लोकच कमी होते, रेसही वर्षागणिक कमी होत गेल्या. अमेरिकन रायडर वर्ल्ड पातळीवर दिसेनासे झाले ते याच वर्षांत, हे मी ठामपणे म्हणतो.

२०१४ च्या सप्टेंबरला हे हक्क नव्या गटाकडे आले आणि त्याचा चेहरा वेन रेनी. तोच, १९८३ चा बिनगाडीचा चॅम्पियन. मधे तो तीनदा ५०० चा वर्ल्ड चॅम्पियन झाला होता आणि १९९३ ला मिसानोच्या अपघातात त्याचे पाय कायमचे गेले. व्हीलचेअरवर बसून तो पॅडॉकभर फिरतो, छोट्यातल्या छोट्या टीमच्या टेंटमध्ये येऊन विचारतो की काय अडचण आहे. २०१५ पासून मोटोअमेरिका या नावाने चालू आहे. त्यांनी केलं काय तर पायऱ्या लावल्या, वर सुपरबाइक, तिच्या खाली स्टॉक १०००, मग सुपरस्पोर्ट, आणि सगळ्यात खाली पोरांसाठी छोटी गाडी. तुला जी 'खरी' प्रॉडक्शन बघायचीय ती स्टॉक १००० मध्ये आहे, दुकानातली गाडी, थोडे बदल, आणि लॅप टाइम सुपरबाइकपेक्षा वाटतं तेवढे मागे नाहीत. सुपरस्पोर्टमध्येही त्यांनी मान्य केलं की ६०० च्या गाड्या कंपन्या आता बनवतच नाहीत फारशा, म्हणून २०२२ पासून डुकाटीची ९५५ सीसी, ट्रायम्फची ७६५, सुझुकीची ७५० अशा गाड्यांना इलेक्ट्रॉनिक मर्यादा घालून एकत्र आणलं. त्याच वर्षी ट्रायम्फ ७६५ ने डेटोना २०० जिंकली. दुकानात जे विकलं जातंय त्यामागे नियम गेला, नियमामागे दुकान नाही, मला हे पटतं.

बॅगर्सबद्दल विचारशील म्हणून आधीच सांगतो, हो, ते २८० किलोच्या आसपासच्या, मागे डिक्की लावलेल्या हार्ले आणि इंडियनची रेस, २०२० ला लागुना सेकाला एक रेस म्हणून सुरू झाली आणि आता गर्दी खेचते. जुने लोक नाकं मुरडतात. मी नाही मुरडत, कारण १९७६ ला बॉक्सर बीएमडब्ल्यू जिंकली तेव्हाही लोकांना तेच आवडलं होतं, आपल्या घरच्या गाडीसारखी दिसणारी गाडी ट्रॅकवर जीव तोडून पळतेय.

आणि ती सगळ्यात खालची पायरी, तिथे आपला खरा संबंध येतो. मोटोअमेरिकाने २०१५ ला पोरांसाठी जो क्लास काढला त्यात सगळ्यांना एकच गाडी, केटीएम आरसी ३९०, आणि ती बनते पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात. पुढे तो क्लास बाकी कंपन्यांनाही मोकळा केला, ज्युनिअर कप नावाने, २०१८ ला, आणि पहिल्या वर्षी जिंकला कॅनडाचा अॅलेक्स ड्यूमा, केटीएमवरच. बायकांसाठीच्या कार्यक्रमात रॉयल एनफिल्डची ६५० काँटिनेंटल जीटी, तीही चेन्नईकडची.

पहिल्या वर्षी एका राउंडला मी ओळखीच्या टीमला मदत करायला गेलो होतो. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा, ऑइल ड्रेन बोल्टला सेफ्टी वायर करत होता, म्हणजे बोल्टला आरपार बारीक भोक पाडून त्यातून तार ओवतात आणि पीळ देऊन घट्ट बाजूला बांधतात, जेणेकरून बोल्ट ढिला झाला तरी सुटून ट्रॅकवर तेल सांडू नये. त्याने तार उलट्या बाजूने बांधली होती, बोल्ट सुटायच्या दिशेला ओढणारी. मी त्याला कापायला लावली आणि परत बांधून घेतली. तो वाकून तार पिळत होता तेव्हा हेडस्टॉकवरची पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली, चॅसिस नंबर आणि खाली मेड इन इंडिया. मी त्याला म्हटलं ही जिथे बनते तिथून माझं गाव चार-साडेचार तासांवर आहे. त्याने मान वर केली आणि विचारलं, मग तिथेही हिची रेस होते का? मी सांगितलं की होते, चेन्नईला आणि कोइंबतूरला ट्रॅक आहेत, नॅशनल चॅम्पियनशिप आहे, आणि तिथल्या क्लासचं नावच प्रो-स्टॉक आहे. तो म्हणाला स्टॉक म्हणजे किती स्टॉक?

तुलाही तेच विचारायचं होतं ना. तर आधी मोटोअमेरिकाची स्टॉक १००० ची एक रेस पूर्ण बघ, मग त्याच ट्रॅकवरची त्याच वीकेंडची सुपरबाइक रेस बघ, दोन्हीचे लॅप टाइम वहीत शेजारी शेजारी लिही, आणि मग परत विचार, पुढचं इलेक्ट्रॉनिक्सचं सांगतो.